चंदेरी कागदाचा आवाज

हॅलोमावशीचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी कोणी वापरलं नसतं. तिचं अख्खं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या आणि तोंडात एकच शब्द. पुढे बोर्ड गेले, सगळं आपोआप जोडलं जायला लागलं, तेव्हा तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं. तिथेही हेडफोन सुटला नाही. निवृत्त झाल्यावर दारात कोणी आलं, तरी 'या, बसा' म्हणायच्या आधी तिच्या तोंडून 'हॅलो' निघायचं. मग गल्लीने तेच नाव तिला कायमचं चिकटवलं.

कान मात्र असा, की बाई समोर असताना पोटातल्या पोटात बोलायचीसुद्धा चोरी. पलीकडचा माणूस उभा आहे की बसलाय, खरं बोलतोय की थापा मारतोय, हे तिला श्वासावरून कळायचं. उगाच फोन करून छळणारे काही नमुने असायचे. त्यांनी तोंड उघडायच्या आत, नुसत्या घसा खाकरण्यावरून ती त्यांना ओळखायची आणि खटकन दोरी उपटायची. ह्या उपटण्याचा तिला फार अभिमान होता. गोष्टीत ते पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

निवृत्तीनंतर माणसं देवाच्या नादी लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. मावशीला सून नव्हती. ती गेली मेटल डिटेक्टर विकत घ्यायला.

झालं असं, की तळ्याकाठच्या वाळूत एक माणूस असलं यंत्र घेऊन फिरताना तिने पाहिला. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, आणि कानाला हेडफोन. हेडफोन दिसल्यावर मावशीचे पाय थांबले. त्या माणसाने कौतुकाने तिच्या कानाला ते लावून दिलं आणि चकती वाळूवरून फिरवली. आधी नुसता बारीक सूं आवाज. मग एकदम, खोलातून, कोणीतरी हाक मारावी तसा स्वच्छ सूर. त्याने वाळू बाजूला केली तर नाणं निघालं. झिजून झिजून गुळगुळीत झालेलं, कोणत्या राजाचं तोंड आहे तेही कळेना. मावशीने ते तळहातावर घेतलं. ह्याच्याआधी ज्याच्या हातात हे होतं, तो माणूस केव्हाच मातीला मिळाला असणार. त्याचे नातू, पणतूसुद्धा गेले असतील. आणि हे नाणं इतकी वर्षं अंधारात पडून होतं, कोणीतरी ऐकेल म्हणून. मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जमिनीत माणसं बोलतात."

नवरा चित्रकलेचा मास्तर होता. आता शाळा सुटली होती आणि गुलाब लागले होते. तो गुलाबाला पाणी घालत म्हणाला, "तुला काय, भिंतीसुद्धा बोलताना ऐकू येतात. चहा ठेव."

दुकानदार मात्र भला निघाला. काचेच्या कपाटात यंत्रं ओळीने टांगलेली, आणि हा गडी गिऱ्हाइकाला एकही पटकन दाखवायला तयार नाही.

"कशासाठी हवंय, ते आधी सांगा बाई," तो म्हणाला. "नाणी शोधायची असतील तर हे साधं चालेल. नाण्याचा आवाज मोठा असतो, आंधळ्यालाही सापडेल. दागिने शोधायचे तर हे घ्या, ह्यात बारीकसारीक कळतं. आणि नदीतलं कणकण सोनं शोधायचं असेल, तर ते तिकडचं. पण ते इतकं हळवं आहे, की बुटातल्या खिळ्यालाही रडतं."

मावशीने आकड्यांकडे, दिव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सगळी यंत्रं टेबलावर मांडायला लावली, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून बसली. दुकानदाराने एकेक यंत्राखालून आधी खिळा नेला, मग नाणं, मग स्वतःच्या बोटातली अंगठी. खिळ्याला यंत्र घोगरं गुरगुरायचं. तांब्या-चांदीला वरच्या पट्टीत गायचं. अंगठीला मात्र मधेच कुठेतरी, दबक्या आवाजात. मावशीने दागिन्यांचं यंत्र उचललं, कारण त्याचा आवाज तिला प्रामाणिक वाटला.

तेव्हा दुकानदाराने चॉकलेटवरचा चंदेरी कागद चुरगाळून यंत्राखाली धरला. मावशीने डोळे उघडले. आवाज हुबेहूब अंगठीचा.

"तेच सांगायचं होतं," तो म्हणाला. "यंत्राला सोनं कळत नाही बाई. सोनं माणसाला कळतं, तेही हातात आल्यावर. पातळ अंगठी आणि असला कागद, दोघांचा सूर एकच. म्हणून सोनं पाहिजे असेल तर कचरा उपसायची तयारी ठेवा. ह्या यंत्रात प्रत्येक सुराला आकडा आहे, आणि नको त्या आकड्यावर काट मारली की यंत्र तो सूर ऐकवतच नाही. पण कंटाळून ह्या आकड्यावर काट मारू नका."

"मी नाही कंटाळत," मावशी म्हणाली. सगळ्याच नव्या मंडळींना असं वाटतं.

यंत्र घरी आलं तेव्हा मावशीची आई खिडकीशी बसली होती. घर आईचंच. ती थकल्यावर मावशी आणि मास्तर तिच्याकडे राहायला आले होते. आईने यंत्राकडे पाहिलं, ते कशासाठी असतं ते ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "जगभर फिरव. आपल्या परसात नको."

मावशीला कारण विचारावं लागलं नाही.

मावशीला एक धाकटा भाऊ. लहानपणी हातात येईल ते घेऊन दिसेल त्यावर ठोकत बसायचा, म्हणून ठोक्या. मोठा होऊन सुतार झाला, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. पण सुतार होण्याआधीचा काही काळ तो बेकार होता, आणि त्याच काळात आईची अंगठी गेली. आजारपणाने आईची बोटं बारीक झाली होती. कपडे वाळत घालताना अंगठी सारखी निसटायला लागली, म्हणून तिने ती काढून चिमट्यांच्या पिशवीत टाकली. तिन्हीसांजेला पिशवी पाहिली तर चिमटे होते, अंगठी नव्हती. वडिलांनी लग्नात घातलेली अंगठी, वर्खासारखी पातळ. वडील तोपर्यंत वारले होते. घरात त्या दिवशी दोघंच, आई आणि ठोक्या.

परस सगळं पालथं घातलं. काही नाही. आणि थोड्याच दिवसांत ठोक्याने कामाला सुरुवात केली, ती चक्क विजेवर चालणाऱ्या करवतीसह. एका म्हाताऱ्या सुताराने धंदा सोडताना ती आपल्याला दिली, असं तो म्हणाला. एवढी मोठी करवत कोण कोणाला फुकट देतं? कोणी हे तोंडावर विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, माणूस भांडून तरी मोकळा होतो. आई एका शब्दाने बोलली नाही, आणि विसरलीही नाही. ठोक्याने वेगळी खोली घेतली. यायचा, दारातच उभा राहून बोलायचा, आईला लाकडाचं काहीबाही करून द्यायचा आणि जायचा.

आणि म्हणून आईला परसात यंत्र नको होतं. शोधलंच नाही, तोवर अंगठी तिथे असू शकत होती. तेवढ्या आशेवर ती लेकाच्या हातच्या पाटावर बसून जेवू शकत होती. शोधलं आणि नसली तर?

पण मावशीचा हात शिवशिवत होता. तिने नाणी काढली, किल्ल्या काढल्या, तळ्याकाठी एका नर्सचं कानातलं शोधून दिलं, तेव्हा ती नर्स तिच्या गळ्यात पडून रडली. गल्लीत मावशीचा भाव वधारला. आणि कचराही तेवढाच निघाला. चॉकलेटचे, सिगारेटच्या पाकिटांतले, गोळ्यांच्या पट्ट्यांचे चंदेरी कागद. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. एके दिवशी, एकाच जागी ओळीने कागदच निघाले, तेव्हा मावशीतली जुनी ऑपरेटर जागी झाली. छळणारं गिऱ्हाईक! तिने त्या आकड्यावर काट मारली. यंत्र त्या सुराला कायमचं मुकं झालं. कान कसा शांत झाला! मावशी मनात म्हणाली, चला, दोरी उपटली.

त्यानंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती इस्पितळात राहिली. मास्तर तिच्यापाशी. मावशी घरी एकटी. तिने यंत्र काढलं आणि परस विंचरून काढलं. भिंतीपासून दारापर्यंत, मग आडवं. कपडे वाळत घालायच्या खांबाभोवती तर पुन्हा पुन्हा. खिळे गुरगुरले, एक नाणं गायलं. खांबापाशी तर इतकी शांतता, की मावशीला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू आले. अंगठी नव्हती. म्हणजे अंगठी त्यानेच घेतली होती.

त्या आठवड्यात ठोक्याचा फोन आला, आईची चौकशी करायला. मावशी सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "परसात यंत्र फिरवलं. काही नाही तिथे."

पलीकडे करवत चालू होती. ती थांबली.

"बरं," ठोक्या म्हणाला.

तेवढंच. पण त्यानंतर तो दारातही आला नाही. आणि आईने घरी आल्यावर लेकीच्या तोंडाकडे नव्या डोळ्यांनी पाहिलं, काय समजायचं ते समजली आणि ठोक्याने केलेला पाट कपाटामागे सरकवून ठेवला. ज्या बाईला श्वासावरून माणसं कळायची, तिला आपण कोणाची लाइन तोडली हे कळलं नाही. एवढ्या शहाण्या कानाची ही गत.

वर्षं गेली. आई आता फार थकली होती. जिना चढल्यासारखा श्वास तिला नुसतं कूस बदलताना लागायचा. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की जे काही बोलायचं-बसायचं ते आता करून घ्या.

अशातच तळ्यावर पोहायला शिकवणारी एक बाई धावत आली. तळ्याकाठी टॉवेल झटकताना तिची अंगठी उडाली होती. मावशी निघाली. बाईने जागा दाखवली, मावशीने ती जागा तीनतीनदा चाळली. "इथे नाही," ती ठामपणे म्हणाली. "दुसरीकडे पडली असेल, नाहीतर कोणी उचलली असेल." आणि बाई हताश होऊन मटकन खाली बसली, ती उठताना तिच्या तळहाताला काहीतरी टोचलं. अंगठी! मावशीच्या पावलाच्या ठशात.

बाई आनंदाने नाचायला लागली. मावशी मात्र जागची हलेना. तिने ती अंगठी मागून घेतली, सपाट वाळूवर ठेवली आणि वरून चकती फिरवली. ऊन होतं. सोनं चमकत होतं. आणि कानात काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. डोळ्यांना दिसतंय आणि यंत्र म्हणतंय, नाही.

मग तिने ती जुनी काट काढली आणि चकती फिरवली. अंगठी बोलली. चंदेरी कागदाच्या आवाजात, दबकी, मधल्या पट्टीतली. मावशी वाळूत बसली ती बसलीच. बाईला वाटलं, चक्कर आली.

घरी येऊन तिने मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर ऐकत होते आणि पाण्याची झारी हातात तशीच कलती राहिल्याने त्यांच्या चपला भिजत होत्या.

"म्हणजे परसात तू..."

"ऐकलंच नाही मी," मावशी म्हणाली. "खांबापाशी एवढी शांतता होती ना, ती जमिनीची नव्हती. माझी होती."

दुसऱ्या दिवशी ती दुकानदाराकडे गेली. त्याने टोमणा मारला नाही, हे त्याचे उपकार. त्याने बशीएवढी छोटी चकती काढून दिली. मोठी चकती खोल जाते, पण तिच्याखाली चार वस्तू आल्या की सगळ्यांचा एकच गोंगाट होतो. कचऱ्याच्या जागी छोटीच बरी, ती एकेकाचं वेगळं ऐकते. "आणि जे जे बोलेल ते खणा," तो म्हणाला. "एकही सोडू नका."

मावशीने छोटी चकती लावली, होती नव्हती ती सगळी काट पुसून टाकली आणि परसात खांबापाशी पाऊल ठेवलं. आणि तिने झटकन हेडफोनच काढले. मुकं परस एकदम बोलायला लागलं होतं. खांबाच्या एका अंगाला वितीवितीवर तोच आवाज, तोच दबका मधला सूर. इकडे, तिकडे, एकावर एक. एवढी वर्षं हे सगळे इथे बोलत होते आणि तिने त्यांचं तोंड दाबून ठेवलं होतं. ह्यातला एक आवाज आईच्या अंगठीचा असू शकत होता. कोणता, हे देवच जाणे. किंवा एकही नसेल.

आता आईपासून लपवण्यात अर्थ नव्हता. मावशी तिच्या पलंगाशी बसली आणि तिने कबूल केलं. फिरवू नको म्हटलेलं असताना फिरवलं, चुकीचं फिरवलं, आणि त्यावरून भावाला काय म्हटलं तेही. आई डोळे मिटून ऐकत होती.

"मग आता खणणार?" तिने विचारलं.

"हो. सापडली की लगेच ठोक्याला फोन करते."

आईने डोळे उघडले. "सापडल्यावर नाही. आधी कर."

"अगं पण नाही सापडली तर..."

"सापडल्यावर बोलावशील, तर ते अंगठीच्या जोरावर. मला तो तसाच हवाय पोरी, अंगठीशिवाय. मी आधीच म्हणायला हवं होतं. तेव्हा अंगात हिंमत नव्हती." मग दम खाऊन ती म्हणाली, "आणि तो कपाटामागचा पाट काढ. पूस."

मावशीने उभ्या आयुष्यात हजारो माणसं एकमेकांशी जोडून दिली होती. तो एक फोन लावताना तिचं बोट तीनदा चुकलं.

"ठोक्या, मी बोलतेय."

पलीकडे करवत.

"माझं यंत्र चुकलं होतं. म्हणजे, मीच चुकले. परस पुन्हा खणायचंय. आई म्हणते, तू ये."

करवत थांबली. "सापडली का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? ये."

मावशी ऐकत राहिली. तो उभा होता. मग बसला. नाकाने श्वास घेतला, तोंडाने सोडला. तिला सगळं ऐकू येत होतं आणि त्यातलं काहीच ऐकायचा आपल्याला हक्क नाही, असंही वाटत होतं.

"कुदळ आहे का तुमच्याकडे," ठोक्या म्हणाला, "की आणू?"

तो आला तो कुदळ, पहार आणि दोन पटाशा घेऊन. डोक्यावर भुसा तसाच. केस पांढरे झालेत की भुश्याने दिसतायत, ते मावशीला कळेना. तो आईसमोर पाटावर बसला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि भुसा झटकत राहिली. केस पांढरेच होते.

"वाळलीस गं," तो म्हणाला.

"तू जाड झालास," आई म्हणाली. मग तिला खुर्चीसकट उचलून परसात आणलं.

काम सुरू झालं. मावशी चकती फिरवायची आणि धातूजवळ नेली की वाजणाऱ्या, गाजराएवढ्या छोट्या कांडीने नेमकी जागा दाखवायची. ठोक्या पटाशीने माती उचलायचा. पहिला आवाज निघाला तेव्हा चौघांच्याही माना खाली वाकल्या. चुरगाळलेल्या चंदेरी कागदाची गोळी. दुसरा आवाज, पुन्हा गोळी. तिसरी, चौथी. सगळ्या सारख्या. बोराएवढ्या, घट्ट वळलेल्या.

"बघू," आई म्हणाली. तिने गोळी तळहातावर घेऊन नखाने उलगडली. "हा सिगारेटच्या पाकिटातला कागद आहे." तिच्या भुवया वर चढल्या. "तुझ्या बाबांची सवय ही. कागद हातात आला की गोळी करायची."

"बाबांनी सिगारेट सोडली होती ना?" मावशी म्हणाली. "ठोक्या झाला तेव्हाच."

"माझ्या गळ्याची शपथ घेऊन सोडली होती!"

सगळे खांबाकडे पाहायला लागले. आई चादरी वाळत घालायची ती जागा. आणि चादरींच्या आड बरोबर एक माणूस लपेल एवढा आडोसा.

"म्हणून मेला रोज चादरी काढायला धावायचा," आई म्हणाली. "आणि मी शेजारणींना सांगायचे, आमच्या ह्यांना घरकामाची भारी आवड!"

ती हसायला लागली. श्वास पुरेना, तरी हसत होती. ठोक्या हसून हसून मातीतच बसला. मास्तरांनीसुद्धा चष्मा काढून पुसला. वडील जाऊन युग लोटलं होतं, आणि त्यांची चोरी आता पकडली गेली. मावशीला मात्र हसता हसता कसंसंच झालं. जमीन काही म्हणजे काही विसरत नाही. आपण विसरतो, आपण ठरवून टाकतो, आपण मरूनही जातो. ती मात्र एवढीशी गोळीसुद्धा जशीच्या तशी धरून ठेवते, आणि कोणी नीट विचारलं तर खरं ते सांगते. तिला त्या मातीची भीती वाटली आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

आईच्या ओच्यात गोळ्यांचा ढीग वाढत गेला. अंगठी काही निघेना. ऊन कलायला लागलं. खांबाभोवतीची सगळी जागा बोलून मुकी झाली, ह्या वेळी खरोखरची मुकी. ठोक्या कपाळ पुसत म्हणाला, "राहू दे ताई. नसेल." तो हे फार हळू बोलला, पण तिथे कोणालाही ऐकू यायला हॅलोमावशीचे कान लागत नव्हते.

"एक जागा राहिली," मावशी म्हणाली आणि मास्तरांकडे न बघता गुलाबाच्या वाफ्याकडे पाहिलं. खांबाला लागूनच मास्तरांचा सगळ्यात जुना, सगळ्यात लाडका गुलाब होता. ह्या गुलाबाच्या मुळाला धक्का लागला तर घटस्फोट, असं सकाळीच ठरलं होतं.

तिने चकती झाडाखाली, खोडाला टेकवून फिरवली. अगदी बारीक आवाज आला. खोल, दबका, मधला.

"कागदच असेल," ती म्हणाली.

"असू दे," मास्तर म्हणाले. ते आत जाऊन कात्री घेऊन आले, गुडघे टेकले आणि स्वतःच्या हाताने फांद्या छाटायला लागले. "गुलाब काय, परत येतो." त्यांनी आणि ठोक्याने मिळून झाड मातीच्या गोळ्यासकट उचललं आणि पालथं घातलं. ठोक्या बोटांनी माती मोकळी करत गेला. मग त्याची बोटं थांबली.

मुळांच्या जंजाळात अंगठी होती. गुलाबाचं एक मूळ तिच्यातून आरपार गेलं होतं आणि पलीकडे जाड झालं होतं, जसं काही ते बोट आहे आणि अंगठी त्याच्यासाठीच केलीय. मातीत राहून चांदी काळी पडते, तांबं हिरवं होतं, लोखंड तर उरतच नाही. हे सोनं तसंच होतं. ठोक्याने अंगठा फिरवला, तर आत्ताच पेटीतून काढल्यासारखं पिवळंधमक झालं. इतकी वर्षं पावसात, चिखलात, मुळांच्या अंधारात. आणि त्याच्यावर कशाचा डाग म्हणून नाही.

मास्तरांनी हलक्या हाताने ते मूळ कापलं आणि अंगठी काढून आईच्या हातात दिली.

आईने ती बोटात घालून पाहिली नाही. ती ठोक्यापुढे धरून म्हणाली, "घे. ही तुझ्याकडे राहू दे."

ठोक्याने अंगठीकडे पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही. "मला कशाला?" तो म्हणाला. "इतकी वर्षं माझ्याकडेच तर होती."

तो हे हसत म्हणाला होता. पण वाक्य संपेपर्यंत हसू पुरलं नाही.

आई त्याच्याकडे बघत राहिली. "हो रे बाळा," ती म्हणाली. "आम्हीच ठेवली होती तुझ्याकडे." आणि तिने त्याचे मातीने भरलेले दोन्ही हात ओढून आपल्या तोंडावर घेतले.

मावशीने तोंड फिरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकलं, पण हे ऐकवेना.

आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. जितके दिवस होती, तितके दिवस ठोक्या रोज यायचा आणि दारात उभा न राहता आत येऊन पाटावर बसायचा. अंगठी आईने मावशीला दिली. "तुला दागिना म्हणून नाही देत," ती म्हणाली. "यंत्र बाहेर काढशील तेव्हा आधी हिला ऐकत जा."

मावशी अजून जाते, कोणाची अंगठी हरवली, कोणाची साखळी तुटून पडली, की. तिथे गेल्यावर हेडफोन चढवते, पदराच्या गाठीतून ती पातळ अंगठी काढते, जमिनीवर ठेवते आणि वरून चकती फिरवते. घाईला आलेली माणसं विचारतात, "मावशी, आमचं शोधायचं सोडून हे काय?"

"थांबा जरा," मावशी डोळे मिटून म्हणते. "लाइन चालू आहे ना, ते बघतेय."